कुंदाताईंची अडचणवही

आईवडील सोडून तुझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव सांगतो : कुंदा मोहिते. नेरूळमधल्या एका जुन्या शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये, जिन्याखालच्या जागेत, त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याजवळ ऐंशी हजार रुपये होते. ते सगळे मला त्यांना द्यायचे होते. त्यांनी घेतले नाहीत. आमची ओळख झाली ती अशी.

मी परतूरचा. वडील मोंढ्यात हमाली करायचे. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आमच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली होती, पण तिला कुलूप असायचं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. आम्ही खिडकीच्या गजांतून फुलाफुलांच्या कापडाने झाकलेली तीन मशीन बघायचो. पुढे जालन्याला शिकलो, एका मित्राच्या ओळखीने नवी मुंबईत आलो आणि बेलापूरच्या एका ऑफिसात लागलो. तिथे अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं तयार व्हायची. पाया खणायच्या आधीच बिल्डरला इमारत उभी दाखवायची, खाली हिरवळ, बाल्कनीत चहा पिणारी बाई, आकाशात दोन पक्षी. मला ते काम फार आवडलं.

तीन वर्षांनी उलव्याच्या एका बिल्डरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ऑफिस सोड. माझ्या टॉवरची तीन मिनिटांची फिल्म करून दे. जमली तर पुढच्या दोन बिल्डिंगाही तुझ्याच." मुदत वीस दिवसांची. मी नोकरी सोडली. आणि शिरवण्यातल्या माझ्या खोलीत फिल्म बनवायला बसलो तर मशीन दर वेळी अर्ध्यात बंद पडायला लागलं. चित्र जिथे तयार होतं तो भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. माझं कार्ड जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं. पाच दिवस गेले आणि फिल्म दहा सेकंदांच्या पुढे सरकली नाही. काम हातचं गेलं असतं तर परतूरला मामाने त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवलीच होती.

नेमकी त्याच दिवसांत कार्डांची नवी पिढी बाजारात आली. दर दोनेक वर्षांनी ती येते. परदेशात कुणीतरी मंचावर उभं राहून कार्ड हातात धरतं, आकडे सांगतं, आणि इकडे आपल्याला आपलं कार्ड एका दिवसात म्हातारं वाटायला लागतं. मलाही वाटलं. साठवलेले सगळे पैसे बँकेतून काढले आणि दुकानं शोधत निघालो. दोन मोठ्या दुकानांत कार्ड नव्हतं. तिसऱ्यात होतं, पण त्याच्यासोबत त्यांचा न खपलेला मदरबोर्डही घ्यायला लागणार होता. तिथल्याच एकाने हळूच सांगितलं, "जिन्याखालच्या ताईंकडे बघा."

दुकान नऊ फुटांचं असेल. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेल्या एक बाई स्टुलावर बसल्या होत्या. कार्ड हातात घेण्याआधी त्यांनी बाजूच्या शटरच्या लोखंडी पट्टीवर तळहात टेकवला. मला वाटलं, नमस्कार केला. दुकानदार उंबऱ्याला करतात तसा. म्हणून मीही वाकून त्या पट्टीला हात लावला आणि तो छातीला लावला.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. "अरे, नमस्कार नाही तो. अंगातली वीज उतरवते. नाहीतर कार्डाला झटका बसतो. कुठला तू?"

"परतूर. जालना जिल्हा."

"बरं. बस. काय अडतंय?"

"ताई, मला नवीन कार्ड पाहिजे."

"ते काय पाहिजे झालं. काय अडतंय ते विचारलं."

मी सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला आणि खाकी कव्हरची एक जाडजूड वही पुढे सरकवली. "लिही. बोलताना माणूस वाढवून बोलतो. लिहिताना जरा खरं लिहितो."

ही त्यांची अडचणवही. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. वर नाव, खाली कोणत्या दिवशी काय करताना मशीन कुठे अडलं, ते ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचं. पान भरल्याशिवाय त्या कुणालाही नवीन कार्ड विकत नसत. सीवूड्सच्या टॉवरमधली पोरं ह्यावरून चिडायची. एकदा एक म्हणाला, "आंटी, पैसे देतोय ना? मग परीक्षा कसली घेताय?" तर ह्या म्हणाल्या, "आंटी घरी. इथे मी टेक्निशियन. आणि परीक्षा तुझी नाही, तुझ्या मशीनची आहे. लिही."

मी लिहीत असताना जासईचा हरेश आला. हा लग्नांचे, विशेषतः हळदीचे व्हिडिओ करतो. आल्या आल्या म्हणाला, "ताय, मना नवाच कार्ड पायजे. विडिओ लय अटकतंय." ताईंनी त्याचं मशीन टेबलावर घेतलं, चालू केलं, त्याला नेहमीसारखं काम करायला सांगितलं आणि स्वतः डोळे मिटून पेटीच्या कडेला कान लावला. दोन-तीन मिनिटं त्या तशाच होत्या. मग म्हणाल्या, "हरेश, तुझं कार्ड झोपलंय. पंखासुद्धा फिरत नाही त्याचा. सगळं शूटिंग त्या जुन्या बाहेरच्या डिस्कवर ठेवलंयस, ती बिचारी रखडतेय. कार्डापर्यंत काम पोचतच नाही." त्यांनी स्वस्तातली एक वेगवान डिस्क बसवून दिली. व्हिडिओ पाण्यासारखा चालला.

हरेश हिरमुसला. "मंग ह्या पैशांचा काय करू मी?"

"घरी जा, बायकोला विचार तिचं काय अडतंय ते."

मी थक्क झालो होतो. कान लावून मशीनचं दुखणं सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. पण आपलं तसं नाही, आपलं कार्ड खरंच संपलंय, अशी माझी खात्री होती. ताईंनी माझं पान वाचलं. "रविवारी सकाळी तुझ्या खोलीवर येते. घरी यायचे तीनशे रुपये पडतील."

"ताई, पंधराच दिवस राहिलेत. आजच कार्ड दिलंत तर..."

"नवीन माल आला की पहिल्या महिन्यात घाईचा दर चालतो. त्याच्याइतका महाग दर दुसरा नाही. आज ज्याला ऐंशी देशील ते वर्षा-दीड वर्षात चाळीसवर येईल. रविवारपर्यंत कळ काढ."

रविवारी त्या आल्या. माझ्या खोलीत खुर्ची एकच. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. "तू काम कर. मी आहे असं समजू नको." दोन तास त्या माझ्या पाठीमागे बसून होत्या. चहा विचारला तर नको म्हणाल्या. कामाच्या वेळी पोटात काही घालायचं नाही, ही कंपनीतली सवय. तळोज्याच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत त्यांनी अठरा वर्षं बोर्डांवर सोल्डरिंग केलं होतं. कंपनी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांत हे दुकान टाकलं.

मशीन बंद पडलं. त्यांनी पुन्हा चालू करायला लावलं. पुन्हा बंद पडलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. कार्डाची मेमरी किती भरली ते दाखवणारा आकडा तो.

"हा शंभराला टेकला की तुझं मशीन मान टाकतं. कशाने भरतोय हा?"

"झाडांनी असेल, ताई."

"किती झाडं?"

"चार हजार."

"सगळी एकसारखी?"

"नाही ना. प्रत्येक झाड वेगळं बनवलंय. खऱ्या झाडांमध्ये दोन सारखी कुठे असतात?"

हे मी अभिमानाने सांगितलं होतं. रात्री जागून मी प्रत्येक गुलमोहराच्या फांद्या निराळ्या वळवल्या होत्या. आमच्या शाळेत चित्रकलेला सर नव्हते. आपण शिकलो ते चोख करून दाखवायचं, एवढंच मला कळत होतं.

ताईंनी माझ्याकडून इमारत पडद्यावर गोल फिरवून घेतली. मागच्या बाजूला आल्यावर म्हणाल्या, "थांब. इकडे कॅमेरा येतो?"

"नाही."

"मग इथे एवढं रान कुणासाठी लावलंस?"

"बिल्डर म्हणाले, सगळीकडे झाडं पाहिजेत."

त्या एवढ्या हसल्या की बादली सरकली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बालाजी, तुझं कार्ड लहान नाही रे. तुझं जंगल मोठं आहे."

मी वीस झाडं ठेवली, तीच फिरवून फिरवून लावली आणि इमारतीमागची सगळी काढली. आकडा साठावर आला. मशीन बंद पडलं नाही. ताईंना माझ्या सॉफ्टवेअरमधलं काहीच येत नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी फक्त नीट बघितलं होतं. जाण्याआधी रंगकामाच्या ब्रशने माझ्या पेटीतली धूळ काढली, तीनशे रुपये घेतले आणि पावती फाडली. मी म्हटलं, ताई, तुम्ही माझे ऐंशी हजार वाचवलेत, जास्त घ्या. त्यावर म्हणाल्या, "दर म्हणजे दर."

फिल्म अठराव्या दिवशी दिली. पुढच्या दोन इमारतीही मिळाल्या. परतूरला जायचं टळलं.

त्यानंतर मी वेळ मिळाला की त्यांच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. काम नसलं तरी. एखाद्या गवयाच्या रियाजाला बसावं तसा मी त्यांचं काम बघत बसे. पेटी उघडली की त्या आधी आतली धूळ चिमटीत धरून बघायच्या आणि गिऱ्हाइकाचा पत्ता सांगायच्या. पिवळसर, चिकट धूळ असली की "तळोजा एमआयडीसीजवळ राहता का?" लालसर आणि जड असली की "कंटेनरच्या रस्त्यावर घर आहे तुमचं." स्क्रूंना बारीक गंज दिसला की "खाडीकडची खिडकी उघडी ठेवता ना दिवसभर? मशीन तिथून हलवा." चुकताना मी त्यांना एकदाच पाहिलं. तो माणूस आदल्या आठवड्यात घर बदलून आला होता.

वापरलेलं कार्ड कुणी विकायला आणलं की त्या त्याचा वास घ्यायच्या. एकदा एक तरुण चकचकीत कार्ड घेऊन आला. फक्त घरी गेम खेळायला वापरलंय म्हणाला. ताईंनी नाकाजवळ नेलं आणि परत त्याच्या हातात ठेवलं. "तीन वर्षांच्या कार्डावर धुळीचा कण नाही? ह्याला आंघोळ घातलीय. इंटरनेटवरची ती बिटकॉइनसारखी नाणी काढायला रात्रंदिवस राबवलंय ह्याला. कुणा गरजवंताच्या गळ्यात बांधू नको." तरुण कार्ड खिशात घालून निघून गेला.

पुढच्या वर्षीही कार्डांची टंचाई चालूच होती. दोन आर्किटेक्ट आणि एक एडिटर त्यांच्या मागे लागले म्हणून त्यांनी चढ्या भावात सहा कार्डं मागवून ठेवली. माल येईपर्यंत त्या तिघांनी दुसरीकडून सोय केली. सहाही कार्डं काचेच्या कपाटात पडून राहिली. आणि मग बातमी आली की दोन महिन्यांत पुढची पिढी येतेय. बाकीच्या दुकानांत घाई उडाली. बातमी पसरायच्या आत जुना माल गिऱ्हाइकाच्या पदरात टाकायचा, हा या धंद्यातला नेहमीचा खेळ. ताईंनी एक पुठ्ठा घेतला, त्यावर जाड अक्षरात लिहिलं आणि त्याच कपाटाच्या काचेवर चिकटवला :

"ही कार्डं आत्ता घेऊ नका. नवीन येत आहेत. दोन महिने थांबा, भाव उतरेल. फारच अडलं असेल तर आत येऊन बोला."

शेजारी मोबाइल कव्हरवाले जयेशभाई. ते पाटी वाचून धावत आले. "ताई, काय डोकं फिरलं काय तुमचं? स्वतःच्याच पोटावर पाय देते काय कोणी?"

"पोटावर कुठे, काचेवर लावलीय."

"सहा पीस आहे तुमच्याकडे! आज विका, उद्या पाटी लावा!"

"आज ज्याला विकीन तो दोन महिन्यांनी नवा भाव वाचेल ना, जयेशभाई. तेव्हा त्याला माझं नाव आठवेल."

मी कोपऱ्यात होतो. ह्यात त्यांचं किती जाणार, ते मला ठाऊक होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर त्यागबिग काही नव्हता. पंख्यात अडकलेली वायर बाजूला करावी इतक्या सहज त्यांनी ते केलं आणि पुन्हा सोल्डरिंग हातात घेतलं. सहांपैकी चार कार्डं पुढे उतरलेल्या भावात गेली. एक त्यांनी दुकानातल्या तपासणीच्या मशीनला लावलं. सहावं अजून माझ्याकडे आहे, ते कसं ते पुढे सांगतो.

माझ्या मनावर ह्या सगळ्याचा जो परिणाम झाला तो असा, की मी न घेण्यात पटाईत झालो. नवी पिढी आली, सगळीकडे चर्चा झाली, मी ढुंकूनही बघितलं नाही. जुन्याच कार्डावर काम रेटत राहिलो आणि स्वतःवर खूश होतो. ताईंचा खरा चेला आपणच, असं मला वाटायचं.

एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवशी ताईंच्या दुकानाबाहेर मंडप असे. त्या दिवशी कुणाचंही मशीन त्या फुकट साफ करून द्यायच्या. वर्षभर दर म्हणजे दर आणि त्या दिवशी एक रुपया नाही. निळे झेंडे, सरबताचं पिंप, आणि पेट्या घेऊन रांगेत उभी माणसं. मीही माझी पेटी घेऊन गेलो. माझा नंबर आल्यावर त्यांनी ब्रश फिरवता फिरवता विचारलं, "काय अडतंय?"

"काहीच नाही, ताई! सगळे नवीन घेतायत, मी नाही घेतलं. झकास चाललंय."

मला वाटलं, शाबास म्हणतील. त्यांनी ब्रश ठेवला, हात पुसले आणि वही काढली. दर खेपेला मी त्यात दोन-चार ओळी लिहीत असे, त्यांनी ती सवयच लावली होती. माझं पान उघडून त्या रांगेसमोर मोठ्याने वाचायला लागल्या.

"'पनवेलचं काम सोडलं, मुदतीत बसत नव्हतं.' 'खारघरच्या बाईंना आतल्या खोल्यांचीही फिल्म हवी होती, नाही म्हणालो.' 'एका दुरुस्तीला पूर्ण दिवस लागतो म्हणून चूक तशीच ठेवली.' हे अक्षर कुणाचं?"

"माझंच."

"आणि म्हणतोस काही अडत नाही?"

"भागतंय, ताई."

"भागतंय!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की सरबत वाटणारी बाई थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तळोज्याला अठरा वर्षं मी स्टुलावर बसले. पाठीला टेका नाही. आम्ही साठ बायका. कुणी खुर्ची मागितली नाही. भागत होतं ना. कंपनी बंद झाली, सामानाची यादी करायला मला स्टोअरमध्ये नेलं, तर आत चाळीस खुर्च्या. टेका असलेल्या. प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. कधीतरी आमच्यासाठीच आणल्या होत्या म्हणे. कुणी मागितल्या नाहीत म्हणून राहिल्या."

मी वही त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्याच ओळी पुन्हा वाचल्या.

"नको असताना घेतलं ती उधळपट्टी, हे तुला मी शिकवलं. पण हवं असताना घेतलं नाही, तीपण उधळपट्टीच रे. ती दिसत नाही एवढंच. तुझं जंगल आता खरंच मोठं झालंय, बालाजी. आता घे."

परतूरपासून आजवर मला कमी करायला सगळ्यांनी सांगितलं होतं. तुला आणखी लागतंय, असं सांगणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

त्यांनी सगळ्यात वरचं कार्ड घेऊ दिलं नाही. "ते मिरवायचं. त्याच्या खालचं बघ, मेमरी जास्त असलेलं. आणि पॉवर सप्लाय बदलावा लागेल, तो खर्च आधी धर." कार्ड आल्यावर त्यांनी मला शटरच्या पट्टीला हात लावायला सांगितला आणि ते माझ्याच हाताने बसवायला लावलं. सोबतीला दुसरं एक मशीन उभं केलं, त्याच्यासाठी त्या सहा कार्डांतलं शेवटचं मी त्यांच्याकडून मागून घेतलं. त्याचे पैसे त्यांनी त्या दिवसाच्या बाजारभावाने लावले. ते सहावं कार्ड ते हे. पुढे खारघरच्या बाईंचं कामही आलं. आज सीवूड्सला माझं छोटं ऑफिस आहे, तिथे माझ्यासोबत दोघं जण काम करतात.

गेल्या वर्षी ते कॉम्प्लेक्स पाडून नवीन बांधायचं ठरलं. जिन्याखालच्या जागेला नव्या नकाशात जागा नव्हती. त्या नव्या इमारतीची फिल्म माझ्याकडेच आली होती. मी ती केली नाही, हे ताईंना सांगितलं तर त्या रागावल्या. "काम होतं ते. करायचं."

शेवटच्या दिवशी गेलो तेव्हा त्या एका गिऱ्हाइकाचं कार्ड तपासत होत्या. कार्ड लांब धरलं, मग जवळ आणलं, मग उजेडाकडे वळवलं. शेवटी डोळे मिटून कडेच्या सोनेरी पट्ट्यांवरून हळूहळू नख फिरवलं. "सतरावी उचकटलीय," म्हणाल्या. खरंच सतरावी होती. मी नेहमीसारखा थक्क झालो.

"उजव्या डोळ्यात ढग आलाय जरा," त्या सहज बोलून गेल्या.

"दाखवलंत का, ताई?"

"बघू गावी गेल्यावर. बोटांना दिसतंय अजून. भागतंय."

आणि मी हसलो. त्यांच्या बोटांच्या कौतुकात एवढा बुडालो होतो की मला तो शब्द ऐकूच आला नाही. त्यांनी माझ्याकडे वही दिली, पिशवी उचलली, शटर खाली ओढलं. मग त्या पट्टीवर तळहात टेकवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्या वेळी हातात कार्ड नव्हतं.

त्या महाड तालुक्यातल्या आपल्या गावी गेल्या. तिथे फोनला धड रेंज नाही, आणि असती तरी मी ह्या गोष्टी बोलायला लागलो असतो तर त्यांनी मला "लिही" असंच म्हटलं असतं. म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं :

तीर्थरूप कुंदाताईंस,

बालाजीचा नमस्कार.

कार्डांची आणखी एक पिढी आली, हे तुमच्यापर्यंत पोचलं असेल. घाईचा दर चालू आहे. ऑफिसातली दीपाली परवा म्हणाली, "सर, नवीन कार्ड घेऊया." मी तुमची वही काढली, तिला एक पान दिलं आणि लिही म्हटलं. तिने चार दिवस लिहिलं. पाचव्या दिवशी मी वाचायला घेतलं. कार्डाचं काही अडत नव्हतं. पण एका ओळीत तिने लिहिलं होतं, "संध्याकाळी पाठ भरून येते, म्हणून काम हळू होतं. पण भागतंय."

मी तिला कार्ड आणलं नाही. खुर्ची आणली. पाठीला टेका असलेली. आणताच प्लास्टिक काढलं.

ताई, तो शब्द तिच्या अक्षरात वाचला तेव्हा मला तुमच्या दुकानातला शेवटचा दिवस आठवला. तुम्ही तो शब्द माझ्यासमोर उच्चारला होता आणि मी हसून निघून आलो. तुम्ही मला इतकी वर्षं नीट बघायला शिकवलंत आणि जे बघायचं होतं तेच मी बघितलं नाही. ह्याची मला लाज वाटते.

पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात चौकशी करून आलोय. मोतीबिंदू असेल तर एका दिवसाचं काम आहे म्हणतात. पुढच्या शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन गावी येतो. राहायची सोय माझ्याकडे. आई परतूरहून आलीय, तिला तुम्हाला बघायचंच आहे. येण्याजाण्याचा खर्च म्हणून मी तुमच्याकडून तीनशे रुपये घेईन आणि पावती देईन, म्हणजे तुम्हाला बोलायला जागा राहणार नाही.

सोबत वहीचं एक कोरं पान पाठवतोय. वर तुमचं नाव मी लिहिलंय. खाली तुमच्या हाताने लिहा, काय अडतंय ते. "काही नाही" लिहू नका. ते उत्तर तुम्ही माझ्याकडून घेतलं नव्हतं.

तुमचा,
बालाजी